डिझेल आणायच्या आधी माशी बघा



गेल्या आठवड्यात दिवस मावळायच्या टायमाला शेजारच्या वस्तीवरचं पोरगं मोटरसायकलवर आलं. "आबा, अर्धा लिटर डिझेल असलं तर द्या. दारातल्या शेवग्याला मोहळ बसलंय, जाळायचंय." म्हणलं, चल आधी बघू.

गेलो तर शेवग्याच्या फांदीला माश्यांचा घोस लोंबत होता, चांगला पपईएवढा. बायकापोरं लांब उभी. एकानं काठीला चिंधी गुंडाळून तयारच ठेवलेली. मी पाच मिनिटं लांबून नुसता बघत राहिलो. पोळं कुठंच दिसेना. मेण नाही, घरं नाहीत, नुसत्या माश्याच एकमेकींना धरून लटकलेल्या. कधी आल्या विचारलं, तर म्हणले आज दुपारी. मग मी सांगितलं, "हे बसलेलं मोहळ न्हाय, उठलेलं मोहळ हाये. जुनं घर सोडून निघालेली मंडळी वाटंत विसाव्याला थांबलीत. यांच्याजवळ राखायला ना पोळं, ना पिल्लं. हात नका लावू, धूर नका करू, दारातला दिवा बंद ठेवा. उद्या बघा." दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फोन आला, "आबा, गेल्या."

डिझेल वाचलं आणि माश्याबी वाचल्या. पण हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ते एक चूक करून आलंय. ती चूक आज इथं लिहितो, म्हणजे ज्याला त्यातून काही घ्यायचं त्यानं घ्यावं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस. आमच्या घरामागं कागदी लिंबूचं झाड आहे, त्याच्याजवळ पाण्याचा नळ आणि धुण्याचा दगड. लिंबूच्या आतल्या फांदीला फुलोरी मधमाशीचं मोहळ होतं, जेवायच्या ताटलीएवढं. कित्येक महिने ते तिथं होतं. बायका रोज खाली धुणं धुवायच्या, कुणाला काही झालं नव्हतं.

नात तेव्हा पाच वर्षांची. नळावर हात धुवायला गेली आणि किंचाळत घरात आली. एक डंख डोळ्याखाली आणि एक मनगटावर. बघता बघता डोळा झाकला इतकी सूज. आई चुन्याची डबी घेऊन आली, सुनेनं वेळेवर हात धरला, "आजी, डोळ्यात जाईल." पोरगी रडत रडत एकच सांगत होती, "आबा, एकच माशी होती. दोनदा चावली." पण अशा वेळी पाच वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतंय. सगळ्यांच्या नजरा लिंबाकडं. माशी म्हणल्यावर मोहळच.

त्या रात्री मीच टेंभा केला. फुलोरीचं मोहळ ते, केवढं असणार? दोन मिनिटांत काम झालं. सकाळी झाडाखाली काळ्या माश्यांचा सडा आणि करपलेलं पोळं. पोळ्यात पांढरी पिल्लं जशीच्या तशी भाजलेली. मध म्हणाल तर वाटीभर. मी पाटीत भरून उकिरड्यावर टाकलं आणि मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी पुतण्या त्याच नळावर पाय धुवायला गेला आणि मान धरून पळत आला. आता तर लिंबात मोहळ नव्हतं. मग शोधलं. नळाच्या वर सावलीला म्हणून पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता. त्याच्या आतल्या अंगाला चहाच्या बशीएवढं करड्या कागदाचं पोळं उलटं टांगलेलं, आणि त्यावर वीस-पंचवीस गांधीलमाश्या पंख ताठ करून आमच्याकडंच बघत बसलेल्या. पोरीचा हात पाण्यासाठी वर गेला तेव्हा तो त्या पत्र्याला लागला असणार.

मंडळी, पोरगी खरं सांगत होती. एकच माशी दोनदा चावली, म्हणजे ती मधमाशी असणं अवघडच. मधमाशीच्या नांगीला करवतीसारखे उलटे दाते असतात. ती आपल्या कातडीत नांगी खुपसते आणि उडायला लागली की नांगी विषाच्या पिशवीसकट तिच्या पोटातून तुटून आपल्या अंगात राहते. एकदा चावली की ती मरते. गांधीलमाशीची नांगी सुईसारखी गुळगुळीत असते, म्हणून ती पाहिजे तितक्या वेळा मारू शकते आणि उडून जाऊ शकते. पोरीच्या गालावर काटा नव्हता, मनगटावर काटा नव्हता. पुरावा तिच्या अंगावर होता, साक्ष तिच्या तोंडात होती, आणि आम्ही मोठी माणसं झाड जाळून बसलो.

म्हणून माझं म्हणणं असं, की घराजवळची माशी ही आधी ओळखायची गोष्ट आहे आणि मग मारायची किंवा सोडायची. आपण उलटं करतो. आपल्या बोलण्यात सगळ्यालाच 'माशी' आणि सगळ्यालाच 'मोहळ'. मोहळ या शब्दात मध आला. गांधीलमाशीच्या घरात मधाचा थेंब नसतो, तरी आपण त्यालाही मोहळच म्हणतो. गल्लत तिथूनच सुरू होते. एका शाळेच्या भिंतीवर 'मधमाशी वाचवा' असं रंगवलेलं मी बघितलंय. चांगलं काम आहे. पण खाली काढलेली माशी पिवळीधमक, चकचकीत, कंबर दोऱ्याएवढी. म्हणजे चित्र गांधीलमाशीचं. पोरांनी तेच बघून ओळख करायची म्हणल्यावर पुढं काय होणार?

ओळख काही अवघड नाही. पाच गोष्टी बघा, बास.

पहिली गोष्ट अंग. मधमाशीच्या अंगावर लव असते, रंग मातकट, तपकिरी, अंगात चकाकी कमी. गांधीलमाशी तेल लावल्यासारखी गुळगुळीत, पिवळी, तांबडी नाहीतर काळपट.

दुसरी गोष्ट कंबर. मधमाशी लांबून बघितली तर कंबर दिसतच नाही, डोकं-छाती-पोट एकसारखं भरलेलं. गांधीलमाशीची कंबर स्पष्ट आवळलेली.

तिसरी पाय. मधमाशी फुलावरून उडाली की मागच्या पायांना पराग चिकटवून नेते, पिवळ्या मोहरीच्या दाण्यासारखे गोळे दिसतात. गांधीलमाशी पराग गोळा करत नाही. ती उडताना मागचे लांब पाय खाली लोंबते सोडते. ते लोंबते पाय दिसले की समजायचं.

चौथी गोष्ट, कशावर बसते. दोघीही फुलावर येतात आणि दोघीही पाण्यावर येतात, तिथं फसू नका. पण तुरीच्या पानावर अळी कुरतडताना दिसली, मटणाच्या दुकानात तुकडा तोडताना दिसली, तर ती गांधीलमाशी. मधमाशी मांस खात नाही. गुऱ्हाळावर मात्र गोडाला दोघीही येतात.

पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी आणि लांबून बघायची. घर बघा आणि स्वतःला विचारा, मला पोळं दिसतंय का माश्या दिसतायत? मधमाशीचं उघडं मोहळ असलं तर पोळं दिसत नाही, वरून माश्यांची चादर असते आणि ती चादर सारखी हलत असते. गांधीलमाशीच्या घरात उलटं. तिथं घरं-घरं उघडी दिसतात, माश्या मोजता येतात. ते पोळं मेणाचं नसून कागदाचं असतं. माशी जुन्या लाकडाचा, वाळल्या काड्यांचा भुसा खरवडते, थुंकीत मळते आणि त्याचा कागद करते. एका बारीक देठावर ते पोळं छत्रीसारखं लोंबतं आणि घरांची तोंडं जमिनीकडं असतात. एक अपवाद सांगून ठेवतो. मोठी, अंगठ्याच्या पेराएवढी गांधीलमाशी असते, ती झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत राहते. तिथं आतलं पोळं दिसणार नाही, मग जाणाऱ्या-येणाऱ्या माशीवरूनच ओळखायचं. सातेरी मधमाशीसुद्धा ढोलीत, भिंतीच्या भोकात राहते, एकाला एक लागून सात-आठ पोळी लावते. म्हणून भोकात हात घालायच्या आधी दहा मिनिटं बाहेर बसून कोण आत जातंय ते बघा.

आणखी दोघी-तिघी उगाच बदनाम आहेत. भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात, कधी प्लगच्या भोकात मातीचं घर बांधते ती कुंभारीण. ती एकटी राहते, राखण करत नाही, दाबल्याशिवाय सहसा चावत नाही. कीर्तनात तिचा दृष्टांत आपण ऐकलेला असतो, की ती अळीला कोंडून घेते आणि अळी तिचं ध्यान करून करून तिच्यासारखीच होते. दृष्टांत म्हणून गोड आहे. पण मी एकदा ते मातीचं घर फोडून बघितलं, आत अळ्या सुन्न करून ठेवलेल्या आणि त्यांना खात बसलेलं कुंभारिणीचं पिल्लू. काही कुंभारणी अळ्यांऐवजी कोळी भरतात. म्हणजे अळीची कुंभारीण होत नाही, अळीची भाकरी होते. त्रास एवढाच की पंपाच्या नळीत, ठिबकच्या उघड्या तोंडात ती माती भरते. हंगाम संपला की नळ्यांची तोंडं बांधून ठेवा, विषय संपला.

दुसरा भुंगा. काळा, जाडजूड, वाशाला आणि बांबूला भोक पाडतो. आवाज मोठा, पण शेवग्याच्या फुलावर परागीकरणाचं काम तोच करतो. आणि तिसरी सिरफिड माशी. अंगावर मधमाशीसारखे पट्टे, पण हवेत एका जागी थांबते, आणि बारकाईनं बघितलं तर पंख दोनच. तिला नांगीच नाही. तिची अळी मावा खाऊन जगते. तिला मारणं म्हणजे फुकटचा गडी मारणं.

आता परत माझ्या चुकीकडं येतो, कारण तिचा दुसरा भाग सांगायचा राहिलाय.

त्या वर्षी माझ्याकडं वीस गुंठे कांद्याचे डोंगळे होते, बियाण्यासाठी. ज्यांनी डोंगळे केलेत त्यांना माहीत आहे, कांद्याच्या फुलाचं गणित वेगळं असतं. एका फुलातला पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचं मादी अंग नंतर तयार होतं. म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग वेळेवर मिळत नाही, दुसऱ्या फुलाचा कुणीतरी आणून द्यावा लागतो. ते काम माश्या करतात. आदल्या वर्षी तेवढ्याच रानात सव्वा क्विंटल बी झालं होतं. त्या वर्षी ऐंशी किलोच्या आत. बरेच गोंडे पोचट.

मी असं म्हणणार नाही की एक फुलोरीचं मोहळ जाळलं म्हणून बी घटलं. ते खोटं होईल. फुलोरीचं मोहळ लहान असतं, आणि रानात आग्याच्या, सातेरीच्या माश्यापण येतात. त्या वर्षी ढगाळ हवा होती. आणि खरं कबूल करायचं तर त्याच पंधरवड्यात मी फुलकिड्यासाठी फवारणी केली होती, तीही सकाळी दहाला, गोंड्यावर माश्या भरात असताना. म्हणजे रात्री घरामागं टेंभ्यानं आणि सकाळी रानात पंपानं, दोन्हीकडून मीच. मग शेवटी सकाळी उठून गोंड्यांवरून हात फिरवत वाफ्यावाफ्यातून चाललो, जे काम माश्या फुकट करत होत्या ते. एका दिवसात कंबर धरली.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी नाही, आणि करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर, मधमाशीला त्यातल्या त्यात कमी घातक असलेलं औषध बघून. आणि घराजवळचं मोहळ कुणाचं आहे ते कळल्याशिवाय टेंभा नाही.

आता गांधीलमाशीबद्दल. हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग मधमाशी चांगली आणि गांधीलमाशी वाईट, तिलाच जाळा. तसंही नाही. गांधीलमाशी आपल्या पिल्लांना अळ्या चावून, गोळा करून भरवते. माझ्या कोबीच्या पानावर अळी शोधत फिरणारी गांधीलमाशी मी रोज बघतो. ती फुकटात अळी वेचते. पत्र्याखाली राहणारी बारीक तपकिरी गांधीलमाशी आहे ना, रोपालिडिया मार्जिनाटा तिचं शास्त्रातलं नाव, तिच्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर या शास्त्रज्ञांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. एका पोळ्यात राणी कशी ठरते, राणी गेली तर तिच्या जागी कोण येतं, हे सगळं त्यांनी माशीमाशीवर रंगाचा ठिपका देऊन बघितलं. आणि आपण तिला फक्त झाडूच्या टोकानं ओळखतो.

पण दुसरी बाजूही मला पटत नाही. आजकाल असंही सांगतात की निसर्गाला हात लावू नका, सगळ्यांना जगू द्या. सांगणाऱ्याला रात्री दोन वाजता लाईट आल्यावर स्टार्टरच्या पेटीत हात घालायचा नसतो. आम्हाला घालायचा असतो. स्टार्टरच्या पेटीत, दाराच्या चौकटीला, ट्रॅक्टरच्या सीटखाली, गोठ्याच्या दावणीवर, पोरांच्या खेळायच्या जागेत गांधीलमाशीचं घर असलं तर ते काढलंच पाहिजे. यात पाप-पुण्य काढू नका. प्रश्न कधी आणि कसं काढायचं याचा आहे.

माझी पद्धत सांगतो. गांधीलमाशीचं घर सुरू होतं तेव्हा बऱ्याचदा त्यावर एक-दोनच माश्या असतात आणि घर बोराएवढं असतं. त्याच वेळी लांब काठीनं देठ तोडला तर काम संपतं, माशी दुसरीकडं जाते. म्हणून आठवड्यातून एकदा या जागा डोळ्याखालून घालायच्या: स्टार्टर पेटी, पत्र्याची आतली बाजू, फाटकाचा पोकळ पाइप, टाकीचं झाकण, उलटा ठेवलेला ड्रम. पाच मिनिटांचं काम. घर मोठं झालं असलं तर दिवसा हात लावू नका. अंधार पडल्यावर, अंगभर कपडे घालून, तोंड झाकून, लांबून साबणाचं पाणी मारलं तर माश्या मरतात. पण विजेच्या पेटीवर पाणी मारू नका, आधी मेन स्विच बंद आणि तिथं फक्त लांब कोरडी काठी. डिझेलचा टेंभा गोठ्याजवळ, कडब्याजवळ तर नकोच नको. आणि घर बांधाच्या झुडपात आहे, जाण्या-येण्याच्या वाटेवर नाही, तर राहू द्या. तिथं ती आपलंच काम करते.

फुलोरीचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा राहू देण्यासारखंच असतं. फांदी हलवली नाही तर ती कुणाच्या वाटेला जात नाही. अगदीच दारात अडचण होत असली तर फांदी अलगद कापून दुसऱ्या झाडाला बांधणारी जाणती माणसं असतात, त्यांना बोलवा.

आता आग्या. याच्याबद्दल मात्र मी कडक बोलणार. आग्या मोहळ म्हणजे खेळ नाही. एकच भलं मोठं पोळं, कधी हात-दीड हात तर कधी त्याहून मोठं, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, कड्याला. अजिंठ्याच्या लेण्यांत, गडकिल्ल्यांच्या कड्यांवर ती असतात हे आपण जाणतो. एक माशी चावली की तिच्या डंखातून वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. पोरानं मारलेला दगड, वरून झडप घालणारी मोहळ फोडणारी घार, खाली पेटवलेला धूर, एवढं कारण पुरतं. अंत्यविधीला जमलेल्या माणसांवर धुरानं उठलेलं मोहळ पडलं, अशा बातम्या दर वर्षी आपण वाचतो.

गावात टाकीला आग्या बसलं की ग्रामसभेत पहिली सूचना जाळायचीच येते. मी दर वेळी विरोधात बोलतो आणि लोक मला हसतात. माझं म्हणणं साधं आहे. जाळल्यावर सगळ्या माश्या मरत नाहीत. उरलेल्या दुसऱ्या दिवशी चवताळलेल्या अवस्थेत त्याच जागेभोवती फिरतात, आणि तेव्हा खालून शाळेची पोरं जात असतात. शिवाय आग्या हंगामी आहे. फुलोरा संपला की आपणहून उठून जातं आणि पुढच्या हंगामाला पुष्कळदा त्याच जागेवर परत येतं. जाळून ती जागा काही बदलत नाही. त्यापेक्षा तेवढे महिने खालची वाट बंद करा, पाटी लावा, टाकी धुवायचं काम मोहळ उठल्यावर ठेवा. जागा अगदीच शाळेवर, दवाखान्यावर असली तर शिकलेल्या मध काढणाऱ्याला बोलवा आणि त्याची मजुरी ग्रामपंचायतीनं द्यावी. आपल्या राज्यात ही माणसं आणि हे शिक्षण नाही असं नाही. पुण्यात 1962 सालापासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. एका बाजूला सरकार मधाचं गाव करतंय आणि दुसऱ्या बाजूला आपली गावं वर्गणी काढून डिझेल आणतायत, हे बरं दिसत नाही.

रात्री घरात ट्यूबलाइटवर मोठ्या माश्या येऊन पडतात, त्यासुद्धा पुष्कळदा आग्याच्याच असतात. मारत बसू नका, पायाखाली येऊन चावतील. दिवा बंद करा, खिडकी लावा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, चावल्यावर काय करायचं.

मधमाशी चावली तर काटा आधी काढा. तुटलेली नांगीसुद्धा काही वेळ आत विष सोडत राहते. नखानं, चिमट्यानं, कशानंही काढा, पण पटकन काढा. पद्धत शोधण्यात वेळ घालवू नका. गांधीलमाशी चावली असली तर काटा नसतोच, शोधत बसू नका, तिथून लांब व्हा, नाहीतर ती परत मारते. जागा धुवा, गार पाण्याचं फडकं नाहीतर बर्फ लावा. लोखंड घासणं, हळद लावणं यावर मी कुणाशी भांडणार नाही, पण डोळ्याजवळ चुना कधीच नको. चुन्यानं डोळा जातो.

आणि हे लक्षात ठेवा. नुसती चावल्या जागी सूज आली तर घाबरायचं नाही. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, उलटी झाली, तर माणूस घरात ठेवायचा नाही. एका डंखानंसुद्धा काही जणांना असं होतं, मग तो मधमाशीचा असो की गांधीलमाशीचा. अशा वेळी दवाखान्यातलं इंजेक्शनच वाचवतं. 108 ला फोन करा, गाडी यायला उशीर असला तर स्वतःच्या गाडीत घालून निघा. आणि आग्याचे पुष्कळ डंख असले तर माणूस बरा दिसला तरी दवाखाना चुकवू नका, विष नंतर मूत्रपिंडावर उतरतं.

आग्या मागं लागलं तर हात झाडू नका, तोंड झाका आणि पळा, ते घरात किंवा बंद गाडीत शिरेपर्यंत. विहिरीत उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस दमून बुडतो. आणि मंडळी, जनावराला विसरू नका. झाडाला बांधलेला बैल पळू शकत नाही. ज्या झाडाला आग्या आहे त्याच्याखाली दावं बांधायचंच नाही.

एवढं सगळं लिहिलं, पण सार एकाच ओळीचं आहे. माशी दिसली की आधी पाच मिनिटं लांबून बघा, मग काय करायचं ते ठरवा. बघायला पैसे लागत नाहीत. मी ती पाच मिनिटं दिली नाहीत, आणि ज्यांचा काही गुन्हा नव्हता त्यांना जाळून टाकलं, ज्यांचा होता त्या पत्र्याखाली तशाच राहिल्या.

लिंबूच्या झाडावर त्यानंतर दोन वर्षं काही बसलं नाही. तिसऱ्या वर्षी परत फुलोरी आली, त्याच बाजूच्या फांदीला. आता कुणी हात लावत नाही. नळावरचा पत्रा मात्र दर रविवारी बघितला जातो, आणि ते काम नातीकडं आहे. ती आता सहावीत आहे. घरात कुणी "माशी चावली" म्हणून ओरडलं की सगळ्यांच्या आधी तीच पळत येते आणि विचारते, "काटा राहिलाय का? किती वेळा चावली?"

आता आम्ही तिचं ऐकतो.